पाचव्या खांबाची हळद

अडुसष्ट वर्षांची होते तेव्हा मी फार तरुण होते. आता एकाहत्तरीत त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिचा कान धरावासा वाटतो. डोक्यावर पांढरी टोपी, सुती साडी घोट्याच्या चार बोटं वर खोचलेली, पायात जावयाने आणलेले निळे बूट आणि खांद्यावरच्या पिशवीत चार चकत्या. चेन्नईत, पेरुंगुडीच्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून ही बाई सकाळी सहाला अशी बाहेर पडायची, जणू देशाची अब्रू तिच्या मनगटावर टांगली आहे. वॉचमन उठून उभा राहायचा. आदराने, असं मला तेव्हा वाटे.

आमच्या इमारतीमागे, ऑफिसांच्या काचा संपतात आणि दलदल सुरू होते त्याच्या थोडं अलीकडे, एक सार्वजनिक रान आहे. कागदोपत्री ते उद्यान. कडुनिंब, करंज, बाभळी, थोडे ताड आणि मधोमध एक म्हातारं कवठ. तिथे आमच्या मराठी आयटीवाल्या पोरांनी डिस्क गोल्फ सुरू केला. त्यात काठी नाही, चेंडू नाही. ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि झाडांतून वाट काढत शेवटी लोखंडी खांबावरच्या टोपलीत टाकायची. टोपलीवर साखळ्या लोंबतात, चकती त्यांना थडकून आत पडते. असे नऊ खांब. कमीत कमी फेकींत नऊ संपवील तो जिंकला. पंच कुणी नाही. आपली फेक आपणच सांगायची. झुडपात कुणाचं लक्ष नसताना चकती पायाने सरकवली तर तेही आपणच कबूल करायचं.

या नियमावर माझा फार जीव. वेस्ट मांबलमच्या शाळेत मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे खेळायला लागून महिना झाला नाही तोच मी पंचविशी-तिशीतल्या इंजिनीयरांना दरडावायला लागले. चार नाही, पाच फेकी झाल्या तुझ्या, बाभळीला लागलेली कोण मोजणार, तुझी सासू? पोरं हसत, पण पाच सांगत. आजी म्हणजे चालताबोलता नियम, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मीही ते मनावर घेतलं. पुढचं सगळं सांगताना हे आधी सांगितलेलं बरं.

या खेळात मी शिरले ती अपघाताने. फिरायला गेले होते, पायाशी एक चकती येऊन पडली, आणि पोरांकडे परत फेकली तर ती सरळ रेषेत जाऊन पहिल्याच्या छातीला लागली. लहानपणी आम्ही कृष्णेच्या पाण्यावर चपट्या दगडांनी भाकऱ्या काढायचो. गावात माझ्या सातच्या वर भाकऱ्या कुणी काढल्या नव्हत्या. बावीस वर्षांची लग्न होऊन मांबलमला आले, तंजावर मराठ्यांच्या घरात. तिथे ना नदी ना दगड. सासूबाईंची जुनी मराठी कळायला वर्ष गेलं, त्यातली निम्मी तमिळ आहे हे कळायला दुसरं वर्ष. मनगट मात्र आठवण धरून होतं. अडचण एकच. माझी चकती सरळच जायची. पोरं ती वळवून झाडाच्या बगलेतून न्यायची. त्यासाठी तीन पावलं धावून कंबर फिरवावी लागते, आणि माझ्या गुडघ्यांनी त्याला साफ नकार दिला होता.

आता दुसऱ्या बाईबद्दल.

त्या रानात झाडलोट करायला एक बाई यायची. पन्नाशीची, काटक, हिरवा सरकारी कोट साडीवर घातलेला. दलदलीच्या कडेला जुनं पेरुंगुडी गाव आहे, तिथली. ती मला अम्मा म्हणायची आणि मी तिला अम्मा म्हणायचे. चेन्नईत सगळ्याच बायका एकमेकींच्या आया असतात, वयाचा हिशेब कुणी करत नाही. तिची जेवणाची पिशवी कवठाच्या खालच्या फांदीला टांगलेली असे, मुंग्या आणि कुत्री पोचणार नाहीत अशा उंचीवर. मी थर्मासातून कॉफी नेई. साडेसातला आम्ही दोघी त्या झाडाखाली ती प्यायचो. माझी चकती कुठे हरवली तर ती नेमकी शोधून काढे, पदराने स्वच्छ पुसे आणि प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी मला देई.

पोरांनी कोर्स आखायला घेतला तेव्हा पहिल्याच शनिवारी भांडण झालं होतं. एका करंजाची फांदी तोडायची होती, आणि ही बाई झाडासमोर उभी. बुंध्याला हळद फासलेली, मधे कुंकू. पोरांचा म्होरक्या नागपूरचा, मोटारींच्या कारखान्यातला, उंचच उंच; त्याला सगळे कप्तान म्हणत. तो हळद बघून मागे सरला. म्हणाला, माझी आई मला घरात घेणार नाही. तेव्हापासून नियम झाला की हळद लागलेल्या झाडाला कोयता लावायचा नाही, खेळाची वाट त्याला वळसा घालून काढायची. उद्यानाच्या ऑफिसातल्या साहेबांनाही तो पटला. पुढे छाटणीला माणसं आली की कप्तान त्यांच्यापुढे चालत झाडाझाडाचा बुंधा तपासायचा.

मग गंमत सुरू झाली. शुक्रवार उलटला की एखाद्या नव्या झाडाला हळद. पोरांना वाटे, भाविक लोक फार इथले. मला शंका आली, कारण हळद नेमकी त्याच झाडांना लागायची जी पोरांना नडत होती. एका शुक्रवारी मी मुद्दाम लवकर गेले. बघते तर बाई तिसऱ्या खांबाच्या फेकायच्या फरशीवर उभी. एक डोळा मिटून समोरची रेघ बघितली, मान हलवली, कोटाच्या खिशातून डबी काढली आणि बरोबर मधल्या बाभळीकडे चालत गेली. हळद फासली, कुंकू टेकवलं, नमस्कार केला. वळली तर समोर मी.

"आईने स्वप्नात सांगितलं," ती म्हणाली. आई म्हणजे त्यांच्या गावची देवी, अम्मन.

"आईला डिस्क गोल्फ चांगला कळतो," मी म्हटलं.

ती तोंडावर पदर धरून इतकी हसली की झाडू हातातून पडला. त्या दिवसापासून आमचं गुपित झालं. कप्तान फुशारकीने सांगायचा, आपला कोर्स अवघड आहे, वाटा नागमोडी आहेत, बंगळूरहून लोक खेळायला येतात. आम्ही दोघी कवठाखाली कॉफी पीत ऐकायचो. कोर्स कुणी आखला ते आम्हाला माहीत होतं.

पण कवठाला हळद नव्हती. तिला कधी वाटलंच नव्हतं की ती पिशवीची फांदी कुणी तोडील. त्या झाडाला ती आपली खोली समजायची.

आणि ते झाड बरोबर पाचव्याच्या मधे होतं. फरशीपासून खांब सरळ ऐंशी पावलांवर, पन्नासाव्या पावलाला कवठ. पोरं वळवून न्यायची. माझी चकती सरळ जाऊन त्या काटेरी फांद्यांत बसायची. मग बाई झाडूच्या दांड्याने ती खाली पाडणार, पुसणार, देणार. रोज. आम्ही साठीच्या वरचे तिघे-चौघे खेळायचो, त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक मामा होते. गुळगुळीत दाढी, कपाळाला विभूती. ते दर वेळी मला एका फेकीने हरवायचे, आणि ती एक फेक नेहमी पाचव्यावरची. हरवून झालं की इंग्रजीत म्हणायचे, टीचर, यू आर टू स्ट्रेट. हे त्यांना कौतुक वाटायचं. माझा तिळपापड व्हायचा.

पाडव्यानंतरच्या रविवारी पोरांनी सामना ठेवला होता. त्या सकाळी आधी छाटणी होणार होती, वाळक्या आणि नडणाऱ्या फांद्या काढायच्या होत्या, आणि कप्तानच्या यादीत कवठाच्या खालच्या दोन फांद्या होत्या. यादी बघून मी काही बोलले नाही. मनात म्हटलं, दोनच तर फांद्या.

शनिवारी सकाळी गेले तर कवठाला हळद. ताजी, हाताएवढी. मधे ठसठशीत कुंकू.

इथे मला थांबायला आवडलं असतं. त्या बाईला, त्या टोपीवालीला, हाताला धरून घरी न्यायला आवडलं असतं. पण ती उभी राहिली, आजूबाजूला बघितलं, रुमाल पाण्याच्या बाटलीत भिजवला आणि पुसायला लागली.

खरबरीत सालीवरून हळद सहज जात नाही. भेगांमध्ये बसते. मी चांगली दहा मिनिटं घासत होते. कुंकू आधी गेलं. आणि हे करणारी मी कोण? नवरा गेला तेव्हा दहाव्या दिवशी सासरची एक म्हातारी ओला कपडा घेऊन माझ्या कपाळाकडे आली होती. मी तिचं मनगट धरलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या कपाळाला कुणी हात लावायचा नाही. ही गोष्ट मी नंतर किती ठिकाणी सांगितली असेल. महिला मंडळात सांगितली, गॅदरिंगला सांगितली, टाळ्या घेतल्या. त्याच उजव्या हाताने मी झाडाचं कुंकू पुसत होते, कारण मला एका बँकवाल्याला हरवायचं होतं.

घरी येऊन रुमाल साबणाने धुतला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे बायकांना काय सांगायचं. आयुष्यभर बघत आले. तरी त्या दिवशी बेसिनमध्ये रुमाल लालभडक झाला तेव्हा मी नळ सोडून मागे सरकले. नंतर तो वाळून पिवळा झाला. मुलीला मी सांगितलं, आमटी सांडली होती.

रविवारी कप्तान माणसांना घेऊन आला. कवठापाशी थांबला, एक फेरी घातली, वाकून बघितलं.

"आजी, ह्याला काल हळद होती ना? कुणीतरी म्हणालं मला."

"मला तर दिसत नाही बाबा," मी म्हटलं.

त्यात एक शब्द खोटा नव्हता. गणिताच्या बाईचं उत्तर.

मशीनची करवत लागली तेव्हा दोन फांद्यांवर भागलं नाही. एक आतून पोकळ निघाली आणि पडताना बाजूच्या तिघींना फाडत खाली आली. झाडाची एक बाजूच गेली. पाचव्याची वाट मोकळी, लख्ख, सरळ. मी तीन फेकींत टोपली गाठली. मामांना चार लागल्या. मला स्टीलचा मोठा डबा मिळाला आणि पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. बाईची रविवारी सुट्टी असायची. मला ते माहीत होतं.

सोमवारी ती आली तेव्हा मी आधीच जाऊन बसले होते. आरोपी घटनास्थळी येतो म्हणतात तसं. ती सरळ कापलेल्या जागेपाशी गेली. मग बुंध्यावर हात ठेवला, जिथे हळद होती तिथेच, आणि बोटं नाकाशी नेली. मला वाटलं आता कळलं हिला. पण ती खाली बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

मग जे सांगितलं ते असं. तिच्या थोरल्या दिराला जाऊन त्या शुक्रवारी अकरावा दिवस होता. त्यांच्यात सोळा दिवसांचं सुतक. या दिवसांत देवाच्या हळदीला शिवायचं नाही. पण छाटणीची यादी तिने ऑफिसात ऐकली होती, आणि राहवलं नाही. शुक्रवारी कुणी नसताना, घाईत, डोळे मिटून तिने लावली. म्हटलं, आई समजून घेईल.

"आईने समजून नाही घेतलं," ती म्हणाली. "स्वतःच्या हाताने पुसली. पावसाचा थेंब नाही आणि झाड कोरडं. मला उत्तर दिलं तिने."

मी म्हटलं, वाऱ्याने गेली असेल. मी म्हटलं, खार चाटून गेली असेल. खार हळद चाटते हे शास्त्र मी त्या क्षणी शोधून काढलं. खरं तेवढं सोडून बाकी सगळं सुचलं मला.

तिने डबी काढून माझ्यासमोर कवठाच्या ढोलीत ठेवून दिली. आणि म्हणाली की या वर्षी ती घडा उचलणार नाही.

हे मला आधी नीट माहीत नव्हतं, त्या दिवशी कळलं. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराला, त्यांच्या गावात अम्मनला नाचणीची आंबील वाहतात. बायका डोक्यावर घडे घेऊन निघतात. पहिला घडा बावीस वर्षं हिच्या डोक्यावर होता. आधी तिच्या सासूच्या, सासू गेल्यावर तिच्या. तिच्या आयुष्यात नवरा टिकला नाही, घर दोनदा पाण्यात गेलं, पण आडीतल्या त्या दिवशी गाव तिच्यामागून चालायचं. ती म्हणाली, ज्या हाताची हळद आईला नको, त्या हाताची आंबील कशी चालेल? गल्लीत सांगून टाकते, दुसरी कुणी बघा.

आडीला चार महिने होते. मी घरी येताना हिशेब केला की चार महिने म्हणजे पुष्कळ. योग्य वेळ बघून सांगू. ती योग्य वेळ मी चार महिने बघत होते.

आणि काय काय केलं म्हणता. कवठाच्या जखमेला शेणमाती थापली. चेन्नईत शेण मिळवायला मांबलमला जाऊन आले, लोकल ट्रेनमध्ये डबा मांडीवर धरून. बाईला पुरणपोळ्या नेल्या, साडी नेली, गुडघ्याचं तेल नेलं. ती घ्यायची, कारण ती मला चांगली बाई समजत होती. प्रत्येक वस्तू देताना मला वाटायचं, आज सांगते. ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि मी म्हणायचे, तेल कोमट करून लाव.

तिने हळद लावणं मात्र सोडलं. आता झाडांना वाली राहिला नाही. दुसऱ्या खांबाचा करंज गेला. त्याची हळद जुनी होऊन उडाली होती, ताजी करायला कुणी नव्हतं. सातव्याची बाभूळ गेली. कप्तानने प्रत्येक बुंधा इमानदारीने तपासला, हळद नाही, तोडा. वाटा सरळ होत गेल्या. पोरांची कार्डं बघावीत तर सगळ्यांच्या फेकी कमी. बंगळूरचे लोक एकदा येऊन गेले ते परत आले नाहीत. कप्तान एकदा डोकं खाजवत म्हणाला, आजी, कोर्स सुधारतोय पण मजा गेली राव. मामाही कंटाळले. माझी सरळ चकती सगळीकडून आरपार जात होती. मी दर रविवारी जिंकत होते आणि स्टीलचा डबा फडताळात रिकामाच होता. त्यात काही भरवेना.

आडी लागला. नवव्या खांबाजवळच्या मोठ्या निंबाचं नाव यादीत आलं. तेव्हा माझ्या डोक्यात एक अक्कल आली. हळदच हवी ना? मीच लावते. बाईला वाटेल देवीचा कौल आला, झाड वाचेल, घडा उचलला जाईल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. सगळे खूश. शुक्रवारी पहाटे जाऊन मी निंबाला हळदकुंकू लावून आले. वर नमस्कारही केला. देवीला फसवायचं आणि नमस्कार करायचा, दोन्ही एकाच वेळी जमलं मला.

साडेसातला बाई कॉफीला आली ती हसत. चार महिन्यांनी.

"अम्मा, निंबाला हळद कुणी लावली?"

"कोण जाणे. आईने तुला खूण केली असेल."

"आईला तुमच्या घरची पद्धत कशी माहीत?" ती म्हणाली. "आम्ही तळहाताने फासतो, मधे एक कुंकू. हे दोन ठिपके आहेत, शेजारी शेजारी. एक हळदीचा, एक कुंकवाचा. नवरात्रात तुम्ही माझ्या कपाळाला लावलं होतं, तसंच."

बाविसाव्या वर्षापासून चेन्नईत आहे मी, पण अनामिका अजून कृष्णाकाठचीच. मी मान खाली घातली. तिला वाटलं, लाजले. तिने माझा हात हातात घेतला आणि त्या बोटाकडे बघत म्हणाली, "आईला तुमचा हात चालतो. बघा, अजून तशीच आहे, पुसली नाही तिने. माझाच नाही चालला."

यानंतर गप्प राहणं मलाही जमलं नाही. आणि मला पुष्कळ जमतं.

"आईने नाही पुसली," मी म्हटलं. "मी पुसली. कवठाची. शनिवारी सकाळी."

तिला वाटलं मी तिची समजूत घालतेय. हसून मान हलवायला लागली. मग मी पिशवीतून रुमाल काढला. चार महिने तो चकत्यांच्या खाली घडी करून ठेवला होता. का, ते मला आजही सांगता येणार नाही. तिने तो उलगडला. पिवळा डाग बघितला, सालीचा एक तुकडा अजून धाग्यात अडकलेला होता, तोही बघितला.

"कशाला?"

"मला सरळ फेकायचं होतं."

मोठ्याने म्हटल्यावर ते इतकं लहान निघालं.

तिने रुमालाची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग विचारलं, "मी घडा उचलणार नाही म्हटलं, ते तुम्ही ऐकलं होतं ना?"

"ऐकलं होतं."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"झाडाचं सोडा," ती म्हणाली. "झाड तुमच्या चकतीच्या आड आलं. मी कशाच्या आड आले होते?"

तिने कॉफीचा पेला ठेवला, भरलेला. झाडू घेतला आणि दुसऱ्या टोकापासून झाडायला लागली, जिथून सकाळी एकदा झाडून झालं होतं. जाताना कवठाच्या ढोलीतून डबी काढून घेतली, एवढं मी बघितलं.

आंबिलीच्या दिवशी मी जुन्या गावाच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. टोपी नाही, बूट नाही. वाजंत्री आली, मागून बायका. पहिला घडा तिच्या डोक्यावर होता, भोवती निंबाचे डहाळे, अंगावर हळदीच्या रंगाची साडी. घडा हाताने न धरता चालत होती ती. माझ्यासमोरून गेली, बघितलं नाही. डोक्यावर घडा असला की मान वळवता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

देवळाबाहेर ती सगळ्यांना आंबील वाढत होती. मी रांगेत उभी राहिले. माझ्या भांड्यात तिने तेवढाच डाव घातला जेवढा पुढच्या बाईला घातला होता, वर कांदा टाकला आणि म्हणाली, "पुढे व्हा." आंबील चांगली आंबली होती. मी ती तिथेच उभी राहून संपवली.

त्यानंतरच्या शुक्रवारी कोर्सवर गडबड झाली. आम्ही पोचलो तर पोरं पाचव्या खांबाभोवती गोळा झालेली. त्या लोखंडी खांबाला खालपासून टोपलीपर्यंत हळद फासली होती. मधे कुंकू, रुपयाएवढं. साखळ्यांना निंबाचे डहाळे बांधलेले.

कप्तान माझ्याकडे वळला. "आजी, झाडांचं समजू शकतो. खांबाला हळद?"

"नियम तुझाच आहे," मी म्हटलं. "हळद लागली की हात लावायचा नाही."

"अहो पण हा खांब आहे. ह्याच्यावर चकती मारायचीच असते."

"मग मार. मार की. कुंकवावर मार."

त्याने चकती हातात धरली, खांबाकडे बघितलं, आईची आठवण आली असावी. चकती पिशवीत टाकली. मामा म्हणाले की हा वेडेपणा आहे, खांब धुऊन काढा, बाटलीभर पाणी पुरेल. मी म्हटलं, मामा, पुसायचं असेल तर तुम्ही पुसा, मला विचाराल तर पुसू नका, आणि हे मी अनुभवाने सांगते. त्यांना काही कळलं नाही. पण मी सहसा अशा आवाजात बोलत नाही, म्हणून त्यांनी आपली बाटली पिशवीत ठेवली.

पाचवा खांब तेव्हापासून खेळातून गेला. आमचा कोर्स नऊचा होता तो आठचा झाला. नंबर बदलायचे कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून चारनंतर सहा येतो. नवीन माणसं विचारतात, पाचवा कुठे? पोरं सांगतात, तो देवाचा आहे. ज्या वाटेसाठी मी ते केलं त्या वाटेवर आता गवत आहे. निंब वाचला. आणखी सहा-सात झाडांना पुन्हा हळद आली, सगळी तळहाताने फासलेली, सगळी बरोबर माझ्या सरळ रेषेत. मी पुन्हा मामांकडून हरते. एका फेकीने नाही, चांगल्या चार-पाच फेकींनी.

कवठाला तुटलेल्या बाजूने पालवी आली आहे, काटे आधी आणि पानं नंतर. तिची पिशवी आता दुसऱ्या बाजूच्या फांदीला असते. कॉफी मी अजून नेते. ती कधी घेते, कधी घेत नाही; घेतली तर उभ्यानेच. मला अम्मा म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. तीन वर्षं झाली.

माझी चकती झाडात अडकते तेव्हा ती येते. झाडूचा दांडा वर करते, दोनदा ढोसते, चकती खाली पडते. ती तिथेच सोडून पुढे झाडायला जाते. मग मी गुडघा धरून वाकते, चकती उचलते आणि माझ्याच पदराने पुसते.